टायपिंग क्लासची फी वसूल झाली का? एका फ्रीलान्स लेखिकेचा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या टायपिंग क्लासबद्दल लिहितेय त्याचं नाव देत नाही, कारण सरांनीच बजावलंय. "ताई, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नका टाकू. आहे त्या बॅचलाच मशीन पुरंना झाल्यात." तरी शोधणाऱ्याला सापडेल. मेन रोडवरून आत वळायचं, खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं वर जाणारा लोखंडी जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी चपलांचा असा ढीग की उतरताना आपली जोडी शोधायला दोन मिनिटं जातात. नोकरीसाठी सर्टिफिकेट काढणाऱ्यांना क्लासची माहिती माझ्यापेक्षा जास्त असते, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. घरी बसून मराठी लिहून पैसे कमावणाऱ्यांनी अशा क्लासला जावं का, एवढंच मला सांगायचंय.

माझं काम मराठी कंटेंट रायटिंगचं. पुण्या-मुंबईच्या दोन-तीन एजन्सी, शाहूपुरीतला एक गूळ व्यापारी, एक दवाखाना, चपला ऑनलाइन विकणारी दोन पोरं, असे गिऱ्हाईक. दर शब्दाला एक रुपया. कामाला तोटा नव्हता, पण महिन्याचा आकडा एका जागी रुतून बसला होता. दर वाढवून मागितला की एजन्सीचं ठरलेलं उत्तर, "मॅम, बजेट फिक्स आहे." परदेशी वेबसाइटवर खातं काढायचा विचार केला, तर फायव्हरसारख्या ठिकाणी कमाईतले २० टक्के त्यांचे. वर तिथं मराठी मागणारं कोण येणार?

आमच्यांचं उद्यमनगरात जॉबवर्कचं शेड आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन. एकदा जेवताना मी शब्दाच्या दराचं रडगाणं लावलं, तर म्हणाले, "पीसचा रेट काय सांगतीस? तासाला काय पडतंय ते सांग." त्यांच्याकडं प्रत्येक मशीनचा तासाचा भाव ठरलेला असतो. त्याच्या खाली काम घेतलं की लाइटबिल खिशातनं. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून हजार शब्दांचा एक लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजला. विषय समजून घेऊन माहिती गोळा करायला एक तास. टाइप करायला सत्तर मिनिटं. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं आणि मशीननं भलताच निवडलेला शब्द दुरुस्त करायला चाळीस. गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या दुरुस्त्या तीस. फोटो, मथळे, वेबसाइटवर चढवणं वीस. एकूण तीन तास चाळीस मिनिटं, मिळाले हजार रुपये. म्हणजे तासाला २७२. व्हीएमसीचा भाव याच्या वर आहे, आणि ती मधे चहाला उठत नाही.

या दोनशेवीस मिनिटांतली एकशेदहा, म्हणजे बरोबर निम्मी, नुसत्या बोटांत जात होती. म्हणून टायपिंग क्लास.

बॅच तासाची, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत. मी गेले तेव्हा परीक्षेशिवाय नुसतं शिकायचं तर महिन्याला हजार रुपये होते, आणि तीन महिन्यांचे एकदम भरायचे. मधे सोडलं तरी परत मिळत नाहीत. पावतीच्या मागं तसं बारीक अक्षरात छापलंय. बाकी सगळी मुलं महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेला बसणारी. सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो, त्यामुळं राधानगरी, गारगोटी, पन्हाळ्याकडनं येऊन कॉटबेसिसवर राहिलेली पोरं-पोरी इथं भरलेली असतात. २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलांकडं टायपिंग येणाऱ्यांना मागणी वाढलीय, असं सर सांगतात. क्लासवाले काय, सांगणारच. माझ्या शेजारी गारगोटीकडची एक मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काकू, तुम्ही कुठला फॉर्म भरलाय?" फॉर्म भरला नाही, लिहिण्यासाठी शिकतेय म्हटल्यावर तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर अजून समजलेली नाही.

बहुतेक बॅच जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा रेमिंग्टन कीबोर्ड बसवत होती. मी इनस्क्रिप्ट मागितला. सर म्हणाले, "चालतंय की, उलट सोपा आहे." घरून काम करणाऱ्याला इनस्क्रिप्टचा मोठा फायदा म्हणजे विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो आपोआप येतो. वेगळं सॉफ्टवेअर नाही, वेगळा फॉन्ट नाही. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर, परत दाबलं की परत. आणि जे उमटतं ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर, वेबसाइटवर तसंच दिसणारं. प्रेससाठी श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर टाकायचा तर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि मग जोडाक्षरांची वाट लागलेली शोधत बसायचं. ज्यांनी लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमध्ये डीटीपी करून नंतर ऑनलाइन लिखाण धरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता जरा बारकाईनं, कारण पैसे इथंच आहेत. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा-वेलांटी, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठीत व्यंजनामागं बहुतेकदा काना-मात्रा येते, त्यामुळं उजवा-डावा, उजवा-डावा अशी हातांची पाळी आपसूक लागते. पाय मोडायची खूणही डावीकडं, डी वर. 'कोल्हापूर' लिहायचं तर के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ खटके, आणि उमटेल ते बरोबरच उमटेल. मी आधी वापरायचे ती इंग्रजी अक्षरांतून मराठी करायची पद्धत. त्यात अक्षरं आठच, पण खाली 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' अशी पाटी उघडणार, डोळा तिकडं जाणार, निवडायचं, पुढं जायचं. एका शब्दाला सेकंदभर. हजार शब्दांत त्या सेकंदांची सोळा-सतरा मिनिटं होतात. न आणि ण, ल आणि ळ, शि आणि शी, सगळीकडं तीच कथा. इनस्क्रिप्टमध्ये ल ला शिफ्ट लावला की ळ, र ला शिफ्ट लावला की ऱ, क ला लावला की ख. 'दुसऱ्या' मधला तो आडवा र एकदा बोटात बसला की बसला. साधा र घेऊन पाय मोडला तर तो य च्या डोक्यावर रफार होऊन चढतो. एजन्सीच्या तपासनीस बाईंनी लाल शाईत गोल केलेल्या माझ्या शब्दांत निम्मे याच जातीचे असायचे.

शिकवायची रीत जुनी आणि खमकी. पहिले काही दिवस फक्त मधली ओळ. गंमत अशी की त्या एका ओळीतून 'करतो, चुकतो, परत करतो' एवढं वाक्य पूर्ण होतं, आणि क्लासच्या पहिल्या आठवड्याचं यापेक्षा खरं वर्णन मला तरी जमणार नाही. बटणांवर मराठी अक्षरांची स्टिकरं लावलेली नाहीत, मुद्दाम. आणि खाली बघायची सवय सुटत नसेल तर सर एक खोकं आणून ठेवतात, पापाची तिकटीवरच्या चपलांच्या दुकानातलं, एक बाजू कापलेलं. कीबोर्ड त्याच्या आत, हात त्याच्या आत. वरनं नुसतं 'साइज ८' दिसतं. माझ्यावर ते खोकं बराच काळ होतं. मागनं येऊन सर म्हणायचे, "बोटाला कळतंय ताई, तुम्ही नका लक्ष घालू." दुसऱ्या महिन्यात कधीतरी बोटांना खरंच कळायला लागलं.

तक्रारी आहेत, आणि त्या बारीकसारीक नाहीत. मशीन जुनी. यूपीएस लाइट गेल्यावर चालतो कमी आणि ओरडतो जास्त. पंखा डोक्यावर आला तर कागद उडतो, नाही आला तर मे महिन्यात घाम कीबोर्डवर. संध्याकाळच्या बॅचला गर्दी एवढी की उशिरा आलेल्याला खुर्ची मिळते, मशीन मिळत नाही, आणि तो तास भरून निघत नाही. सरावाचे उतारे तर विचारूच नका. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' यापलीकडं गाडी जात नाही. लेखकाच्या बोटांना जे शब्द रोज लागतात ते त्यात नाहीत. चौकशी केल्यावर सर म्हणाले, स्वतःचे उतारे आणा. मग मी गुळाचे आणि मूळव्याधीचे माझेच जुने लेख नेले. गारगोटीच्या मुलीनं मूळव्याधीचा आवडीनं टाइप केला.

क्लासात वाय-फाय नाही. ही तक्रार म्हणून लिहायला घेतली होती, पण कौतुकात धरा.

फळ काय मिळालं? शेवटच्या चाचणीत समोर बघून टाइप करायचा वेग मिनिटाला ३४ शब्द आला. पण समोरचा कागद उतरवणं वेगळं आणि डोक्यातलं उतरवणं वेगळं. घरी लेख लिहिताना माझा वेग पडतो २६-२७, कारण मधे थांबून विचार करावा लागतोच. पूर्वी तो चौदा-पंधरा होता. त्यामुळं सत्तर मिनिटांचं टायपिंग अडतीसवर आलं आणि चाळीस मिनिटांच्या दुरुस्त्या पंधरावर. लेख दोनशेवीसच्या जागी एकशे त्रेसष्ट मिनिटांत. तासाला ३६८ रुपये. गिऱ्हाईक तेच, दर तोच, तासामागं ९६ रुपये जास्त.

मात्र फी फक्त तीन हजार झाली असं म्हणून खूश होऊ नका. रोजचा एक तास क्लासात बसला, तोही माझ्याच कामातला. महिन्याला पंचवीस तास धरले तरी जुन्या भावानं सहा हजार आठशे, तीन महिन्यांचे वीस हजार चारशे. फी धरून तेवीस हजार चारशे. क्लासची खरी किंमत ही. महिन्याला शंभर तास लिखाणाचं काम असेल तर वाढीव ९६ रुपयांच्या हिशेबानं ती अडीच महिन्यांत निघते. पन्नास तासांचंच काम असेल तर पाच महिने लागतात. आणि वाचलेल्या वेळात घालायला नवं कामच नसेल, तर तो वेळ रंकाळ्यावर फिरायला छान आहे, पण त्याला कमाई म्हणू नये.

आता क्लासनं जे दिलं नाही ते, कारण त्यातून सुटलेले पैसे जास्त निघाले.

आमच्यांच्या शेडमध्ये 'सेटिंग' नावाचा प्रकार असतो. नवा जॉब मशीनवर चढवायचा तर फिक्श्चर बसवा, टूल बदला, झीरो घ्या, पहिला पीस काढून मोजा. त्यात मोकळा वेळ जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून एकदा सेटिंग केलं की त्याच जातीचे सगळे पीस काढून घ्यायचे. लेखनाचंही तसंच आहे. सकाळी गुळाचा लेख, दुपारी दवाखान्याचा, संध्याकाळी चपलांचा, असं केलं की प्रत्येक वेळी डोकं नव्यानं बसवावं लागतं. आता मी एका जातीचे लेख एका बैठकीत घेते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि बोंबाबोंब झाली, तेव्हा चपलांवरच्या लेखांची मागणी एकदम आली. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही, तर महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं. ही माहिती एकदा तपासून एका फायलीत टाकली, आणि मग प्रत्येक गिऱ्हाइकाचा लेख वेगळ्या अंगानं लिहिला. एकाला चामड्यावर, एकाला पावसाळ्यात निगा राखण्यावर, एकाला खरी-खोटी ओळखण्यावर. मजकूर कुठं सारखा नाही, शोधाशोध मात्र एकदाच. तासाभराचं माहिती गोळा करणं लेखामागं अर्ध्या तासावर आलं.

दुसरं, काम घेतानाच पाच प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवते. वाचणारा कोण, वाचून त्यानं काय करावं, कुठले शब्द चालणार नाहीत, नमुना म्हणून आवडलेला एक लेख, आणि दुरुस्ती सांगणारा माणूस एकच आहे ना. शेवटचा प्रश्न सोन्याचा. मालक, मालकाचा मुलगा आणि मुलाचा मित्र अशा तिघांनी तीन दिशांनी केलेल्या दुरुस्त्या ज्यांनी भोगल्यात त्यांना कळेल. तीस मिनिटांच्या दुरुस्त्या दहावर आल्या. दोन्ही मिळून लेख एकशे तेरा मिनिटांचा झाला, तासाला ५३१ रुपये. म्हणजे टायपिंगनं ९६ वाढवले आणि या दोन फुकटच्या सवयींनी १६३. क्लासवाल्या सरांना हा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "तरी ताई, टायपिंग आधी आलं म्हणून बाकीचं सुचलं." वाद घातला नाही.

भाषांतराचं काम घेत असाल तर आणखी एक. दर मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दांवर ठरवा, मराठीच्या नको. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो, त्यामुळं त्याच मजकुराचे मराठी शब्द कमी भरतात. माझ्या कामात हजार इंग्रजी शब्दांचे मराठी आठशेच्या आसपास येतात. मराठीवर मोजलं तर तेवढ्याच मेहनतीचे दोनशे रुपये बसल्या जागी गेले. त्यावर कुठल्याही क्लासचा वेग उपाय नाही.

वसुलीतही तास जातात, आणि ते स्टॉपवॉचमध्ये दिसत नाहीत. एका एजन्सीच्या अकाउंट्सला महिनोनमहिने 'जस्ट अ जेंटल रिमाइंडर' लिहून माझी इंग्रजी टायपिंग सुधारली असेल तेवढीच. आता लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करून घेतलीय. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅनवर. पैसे मागणारे मधले लोक टाळा. नोंदणीचा नंबर बिलावर छापला की २००६ चा सूक्ष्म-लघुउद्योगांचा कायदा आपल्यालाही लागतो. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. शिवाय मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम देईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, असा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे. बिलाखाली ही एक ओळ सौम्य भाषेत टाकली आणि मार्चच्या तोंडावर अकाउंट्सकडून मलाच फोन आला, "मॅम, बँक डिटेल्स कन्फर्म करा."

कोणी म्हणेल, आता बोलून टायपिंग होतं, खोकं डोक्यावर घेऊन कशाला बसायचं? गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं आणि तोंडी मजकूर भराभर उतरवायला ते कामाचं आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांची मुलाखत मी तशीच उतरवते. पण लेख लिहिताना मी वाक्य अर्धं मोडून परत बांधते, आणि ते तोंडानं करायला गेलं की घरचे बघायला येतात. विरामचिन्हं हातानंच घालावी लागतात. त्यात आमच्या गल्लीत दुपारी भंगारवाला, भाजीवाली आणि समोरच्या शाळेची सुट्टी, यांतलं काहीतरी सुरू असतंच.

आणि एआयनं लिहिलेला किंवा भाषांतर केलेला मजकूर 'फक्त तपासून द्या' म्हणून तिसऱ्या हिश्शाच्या दरात येतो, त्याचं काय? तो नाकारायचाच असं मी म्हणत नाही. पहिले दोनशे शब्द स्टॉपवॉच लावून तपासायचे. तासाचा भाव आपल्या नेहमीच्या भावाइतका बसला तर घ्यायचा. माझ्या बाबतीत एका गिऱ्हाइकाचा बसला, कारण त्यांचा मूळ इंग्रजी मजकूर नेटका होता. दुसऱ्याचा मजकूर इतका अघळपघळ होता की पुसून नव्यानं लिहिणं स्वस्त पडलं असतं. त्यांना पूर्ण दर सांगितला, ते गेले. जाऊ देत.

तर क्लासला पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार देईन, जागेला आणि यंत्रांना दोन. जावं कोणी? ज्याचा निम्म्याहून जास्त वेळ मराठी टायपिंग आणि शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांत जातो आणि ज्याच्याकडं वेळ भरायला काम आहे, त्यानं डोळे झाकून जावं. जो आधीच पंचवीसच्या वेगानं लिहितो त्यानं फी वाचवावी आणि आधी स्टॉपवॉच लावावं. फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी घरी शिकलं तरी जमतं, त्याला सरांची गरज नाही. इनस्क्रिप्टही घरी शिकता येतो म्हणा, पण खाली बघितल्यावर खोकं आणून ठेवणारं घरात कोणी नसतं.

जाणार असाल तर सकाळी सातची बॅच घ्या. गाडी लावायला जागा मिळते, सर ताजे असतात आणि परीक्षेची गर्दी आठनंतर येते. प्रवेश घेतानाच इनस्क्रिप्ट पाहिजे असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं रेमिंग्टनचा तक्ता हातात देतील. स्वतःचे उतारे प्रिंट काढून न्या, खालच्या झेरॉक्सवाल्याकडं काढलेत तर तो ते वाचतो आणि मत देतो, त्याची तयारी ठेवा. तीन महिने एकदम भरायच्या आधी दोन-चार दिवस बसून बघू का विचारा, सर नाही म्हणत नाहीत. आणि खिडकीजवळचं तिसरं मशीन घेऊ नका. वारा छान येतो, पण त्याचा स्पेसबार अडकतो.